नऊ सभासद

आठ माणसांना एकाच रविवारी अडचण कशी आणायची, या विवंचनेत ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसली होती. आतून ड्रिलचा आवाज येत होता. समोरच्या बाकावर एक पेशंट गाल धरून बसला होता. याचं बरं आहे, तिला वाटलं, याचं दुखणं एका दाढेपुरतंच आहे.

मावशींचं सोपं होतं. त्यांचा गुडघा गेल्या महिन्यापासून कुरकुरत होता. तिनेच तो सुरू करून ठेवला होता. पोस्टमनला ऐनवेळी रजा नाकारली की झालं. खडूस मुळी कारणं देणाऱ्यांतला नव्हता. त्याच्या नावाने तिने नुसतं ‘जमणार नाही’ असं लिहिलं आणि पूर्णविराम दिला नाही. खडूस कधीच देत नसे.

ही आठही माणसं तिनेच जन्माला घातली होती.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दीड वर्षापूर्वी काम करताना वरून पडला आणि एक पाय कामातून गेला. घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. विचारलं तर उत्तर देई, नाहीतर तेही नाही. मग एक दिवस त्याने जुना कॉम्प्युटर मागितला. लहानपणी तो बेटांचा एक गेम खेळायचा. बेट वसवायचं, जहाजं धाडायची, आपली चाल खेळून समोरच्याची वाट बघायची. तो बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. त्या गेमच्या शौकिनांसाठी त्याने वेबसाइट काढली. पहिल्या महिन्यात दोघे आले, नमस्कार-चमत्कार झाले आणि गेले ते गेलेच.

“कोणी येत नाही,” तो म्हणाला. “बंद करतो.” आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवरून ‘कासव’ नावाचा सभासद झाला. मी हळू खेळतो, सांभाळून घ्या, असं त्याने लिहिलं. खेळ तिला येतच नव्हता, त्यामुळे तेवढं तरी खोटं नव्हतं. संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा नवरा उशीला टेकून बसला होता.

“एकजण आलाय,” तो म्हणाला. “अगदीच ढ आहे. पण शिकेल.”

मग एकाचे आठ झाले. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ती आठांच्या चाली खेळायची. खडूसला मावशींशी भांडायला लावायची, पोस्टमनला मध्ये पाडायची. त्या भांडणांपायी नवऱ्याने नियम लिहिले, नवे नकाशे काढले, वादावादीसाठी साइटवर वेगळं पान उघडलं. कुबडी घेऊन तो पलंगापासून खुर्चीपर्यंत चालू लागला, तोही खडूसला तंबी देण्यासाठीच.

एकदा मात्र तिची पाचावर धारण बसली. जाहिराती टाकणाऱ्या कुणाला तरी त्याने हाकललं होतं.

“तीन नावं घेऊन आला होता शहाणा,” तो म्हणाला. “मला आत दिसतं ना, कोण कुठून येतंय ते.”

ती इस्त्री करत होती. उशीचा अभ्रा करपला. पण आपण घरून थोडंच लिहितो, हे आठवलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

नववा सभासद नावाडी. त्याला तिने आणलं नव्हतं. तो तिसऱ्या महिन्यात आपण होऊन आला, खराखुरा माणूस. त्या दिवशी एक्स-रेच्या खोलीत जाऊन ती आनंदाने रडली होती. रोज दुपारी चाल खेळण्याआधी तो विचारायचा, ‘काय कासवराव, जेवलात का?’ घरात तिला हे कोणी विचारत नसे. ते वाचल्यावर ती डबा उघडायची.

आणि आता नवऱ्याने वर्षपूर्तीचा घाट घातला होता. रविवारी चार वाजता सगळ्यांनी घरी यायचं. पुठ्ठ्याचे बिल्लेसुद्धा त्याने कापून रंगवले होते. या आठांत एकही माणूस नाही हे त्याला कळलं, तर तो पुन्हा भिंतीकडे वळला असता. तिथून त्याला परत आणायला तिच्याजवळ आता काही उरलं नव्हतं.

तिने कासवाच्या नावाने नावाड्याला लिहिलं, ‘आम्हा कोणालाच जमत नाहीये. तुम्ही तरी या. त्यांच्या मनाला फार लागेल.’

उत्तर आलं, ‘येईन. मला कुठे लांबून यायचंय.’

शनिवारी नवरा एकेक निरोप वाचून दाखवत होता. ती भाजी निवडत होती.

“मावशींचा गुडघा दुखतोय म्हणे.”

“वय झालं असेल.”

“कासवाच्या भाच्याचं लग्न आहे.”

“मग काय करणार बिचारा.”

“हो ना.” त्याने बोटांवर मोजलं. “आठही जण गळले.”

“आणि नावाडी?”

“तो येतोय.”

एक तर एक, तिने मनाशी म्हटलं. शंभर खोट्यांपेक्षा एक खरा बरा.

रविवारी त्याने तिला बिस्किटं आणायला पिटाळलं. ती परतली तेव्हा बाहेरच्या खोलीत टेबलाशी दोनच खुर्च्या मांडलेल्या होत्या. एक त्याची, एक नावाड्याची. ती चहा टाकायला आत निघाली.

“बस,” तो म्हणाला.

“इथे माझं काय काम?”

“बस तर.”

तिने खुर्ची ओढली. खुर्चीवर आठ बिल्ले होते. मावशी, पोस्टमन, खडूस, आणखी चौघे. सगळ्यांत वर कासव.

बिस्किटांचा पुडा तिच्या हातात तसाच राहिला.

“नावाडी यायचाय अजून,” ती कशीबशी म्हणाली.

कुबडी भिंतीला टेकवून तो समोरच्या खुर्चीत बसला. खिशातून नववा बिल्ला काढून त्याने आपल्या शर्टाला लावला.

“काय कासवराव,” तो म्हणाला, “जेवलात का?”