जुळं कुणाचं

सिंकमधला चमचा घसरला आणि टण्णकन वाजला. एवढ्याशा आवाजाने सगळं घर दचकलं. तिने मान वळवून पाहिलं. सोफ्यावर लेक तशीच झोपली होती. ताप उतरत आला होता, कपाळावर घाम आला होता. आज शाळेला बुट्टी.

ओल्या हातांनीच ती खुर्चीत बसली आणि फोन उघडला.

फोनमधल्या खेळात एक बाजार होता आणि त्या बाजारात ती शिंपीण होती. गिऱ्हाइकाने कापड आणायचं, तिने झगा शिवून द्यायचा, मजुरी घ्यायची. माणसं पुष्कळ यायची. 'लवकर द्या', 'बाही लांब हवी', झालं. बोलण्यासारखा एकच होता. त्याचं तिथलं नाव गोगलगाय. घरदार पाठीवर घेऊन हिंडतो म्हणे, म्हणून.

आज त्याचं दुकान उचललं जाणार होतं. बाजाराच्या मुकादमाने तसं सगळ्यांना बजावलं होतं. ज्या दुकानात महिनाभर व्यवहार नाही, ते संध्याकाळी रिकामं. दुकान गेलं की नाव पुसलं जातं, त्या नावाने बोललेलं सगळं पुसलं जातं. गेला महिनाभर गोगलगाय आणि ती नुसत्या गप्पाच मारत होते, आणि गप्पा काही व्यवहारात धरत नाहीत.

सकाळी त्याच्याकडून कापड आलं होतं. धुक्याचं. तेवढाच तुकडा त्याच्यापाशी उरला होता. तिने सुई चालवली. पडद्यावर घंटी किणकिणली आणि एकाऐवजी दोन झगे समोर आले.

जुळं!

क्वचित कधीतरी असं व्हायचं. एकाच कापडात दोन नग निघायचे. रीत अशी, की जुळं कापडवाल्याचं. शिवणाऱ्याने मजुरीवर समाधान मानायचं. पण दुसरा झगा फक्त शिवणाऱ्यालाच दिसायचा, त्यामुळे रीत कितीजण पाळत होते कुणास ठाऊक.

"काय ताई, झाला का झगा?" मुकादमाने लिहिलं.

"झाला." मग थांबून तिने लिहिलं, "जुळं निघालंय."

"मग गप्प बसा की! त्याला काय कळतंय?"

"कापड त्याचं आहे."

"तुम्ही म्हणजे अगदी हरिश्चंद्राच्या चुलत बहीण. आणि कुणासाठी? अख्खा बाजार डोक्यावर घ्यायचा हा बाबा. हिवाळ्यात गायब झाला, परत आला तो मुका होऊन. कुणाला साधा नमस्कार नाही. तुमच्याशी तेवढं बोलतो. काय मंत्र घातलात?"

तिने सोफ्याकडे एक नजर टाकली.

"बरं, विचारा त्याला. पण लवकर. दोघांची 'पसंत' आल्याशिवाय मी व्यवहार धरत नाही. नियम तो नियम."

तिने गोगलगायला लिहिलं, "गोगलगायराव, जुळं निघालंय. कापड तुमचं, तेव्हा दोन्ही तुमचे."

लेकीने कूस बदलली. कपडे वाळले का बघायला ती बाल्कनीत गेली. एक मोजा घेऊन परत आली, तोवर उत्तर आलं होतं.

"अहो शिंपीणबाई, मला पाठ एकच. दुसरा तुम्ही घाला."

ती हसली. घरात हसण्याचा आवाज झाला की हल्ली तिलाच चमकायला व्हायचं.

"तसं नाही चालत," तिने लिहिलं. "रीत आहे."

पुन्हा ती बाल्कनीत गेली. या वेळी जरा जास्त वेळ लागला. टॉवेल खांद्यावर टाकून आत आली आणि उभ्याउभ्याच वाचलं.

"रीत मला शिकवता? पहिला टाका कुणी शिकवला होता तुम्हाला?"

तिने टॉवेलची घडी घातली. ती वाकडी झाली, मोडून पुन्हा घातली. मग लिहिलं, "तुम्हीच. पण खरं सांगा. मी ठेवून घेतला तर वाईट नाही ना वाटणार?"

पाठवून झाल्यावर तिला वाटलं, हे विचारायला नको होतं. तो काय म्हणेल हे तिला नेहमी आधीच कळायचं. चिडवणार कसा, लाडात येणार कधी, अगदी शब्द न् शब्द. या वेळी काही केल्या कळेना.

"ताई, तुमची पसंत आली," मुकादम लिहीत होता. "त्याची कुठाय? गोगलगाय झोपली वाटतं. मी दुकानं उचलायला लागलोय हां. मग म्हणू नका सांगितलं नाही."

"थांबा," तिने लिहिलं. "बोलेल तो. थोडा वेळ द्या."

"तुमच्या शब्दाखातर पाच मिनिटं."

ती उठली. दोरीवर आता काहीच उरलं नव्हतं, तरी ती बाल्कनीत गेली.

मागे अनवाणी पावलं वाजली तेव्हा तिचं बोट हातातल्या दुसऱ्या फोनच्या पडद्यावरून नुकतंच उठलं होतं; तिचा फोन आतच राहिला होता. दारात लेक उभी होती, गालावर उशीचे वळ. "हा बाबांचा फोन आहे," ती म्हणाली आणि जवळ येऊन आईच्या हातावर वाकली. हिवाळ्यात बाबा गेले, तेव्हापासून तो तिला दिसला नव्हता. अक्षरं ओळखायला ती नुकतीच शिकली होती. एकेकावर बोट ठेवत तिने वाचलं, "प... सं... त." मग मान वर केली.

"आई, तू बाबांना विचारलंस?"