पाचवा कौल

"पास," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पेला खाली ठेवला.

शेजारच्या काकांनी घोट तोंडात घोळवला, बेसिनमध्ये थुंकला. "पास." चष्मेवाल्याने पेला ओठांना लावला न लावला तोच मान डोलावली. "पास." मावशी क्षणभर थांबल्या. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. "पास."

राहिली ती, पाचवी आणि सगळ्यांत नवी. बाळांच्या दुधाच्या पावडरीचा हा कारखाना. माल बाहेर पडण्याआधी पाच जणांनी तो कोमट पाण्यात कालवून चाखायचा आणि ज्येष्ठतेप्रमाणे एकेकाने कौल द्यायचा, अशी इथली रीत. एक जरी नापास म्हणाला तरी माल अडायचा. तिच्या उमेदवारीच्या तीन महिन्यांत तो एकदाही अडला नव्हता. आज तिचे ते तीन महिने संपत होते आणि तिला कायम करायचं की नाही, हे मास्तर ठरवणार होते. तिच्या आईने तर शेजारणीला सांगूनही टाकलं होतं, पोरगी पक्की झाली म्हणून.

आणि दूध खवट लागत होतं. थोडंसंच, अगदी मागे, घशापाशी. तिने दुसरा घोट घेतला. खवटच! पण तीस वर्षं चाखणारा माणूस पास म्हणतोय, त्याच्यामागून तिघं म्हणतायत, मग ही कोण लागून गेली? सर्दी झाली असेल. सकाळची टूथपेस्ट असेल. तिने सगळा दोष जिभेवर ढकलून पाहिला. जीभ ऐकेना.

"बोल गं लवकर," चष्मेवाला म्हणाला. "गाडी खोळंबलीय."

पास म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि बहिणीचं दोन महिन्यांचं बाळ आठवलं. त्याला बिचाऱ्याला खवट म्हणताही आलं नसतं.

"नापास." आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "खवट आहे. नापास."

काका हसले. चष्मेवाल्याने कपाळावर हात मारला. मावशींनी मात्र आपला पेला परत उचलला आणि सावकाश एक घोट घेतला.

"मलाही लागलं होतं हो," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आपलंच काहीतरी चुकत असेल."

काकांचं हसू ओसरलं. त्यांनी पुन्हा चाखलं आणि तोंड वाकडं केलं. चष्मेवाला तर आता कुठे पहिला खरा घोट घेत होता.

मास्तर उठले, त्यांनी फोन करून माल अडवला, मग तिच्या नेमणुकीचा कागद पुढे ओढला. संपलं सगळं, ती मनाशी म्हणाली. तिला रडूच यायला लागलं. मास्तरांनी कागदावर सही केली, तो तिच्या हातात दिला आणि स्वतःच डोळ्यांना रुमाल लावला.

"उद्यापासून पहिला कौल हिचा," ते म्हणाले. "आठ महिन्यांपूर्वीच्या तापात माझी चव गेली, ती आलीच नाही. सांगायची लाज वाटली. नशीब, माल चांगला निघत गेला. रोज पास म्हणायचो आणि रोज वाट बघायचो, तुमच्यातलं कोणीतरी मला खोटं पाडेल म्हणून."