तळ्याखालची झाडं

अमेरिकेत मिसूरी नदीवर धरण झालं तेव्हा अल्विना लहान होती. तिचं हिदात्सा आदिवासींचं अख्खं गाव पाण्याखाली गेलं, मक्याची शेतं गेली आणि बापाने अंगणात लावलेली कॉटनवुडची झाडं उभीच्या उभी बुडाली. आता म्हातारपणी ती त्याच धरणाच्या तळ्याकाठी माशांसाठी आमिष विकायची. त्या सकाळी दुकानासमोर एक नवीकोरी बोट येऊन थांबली. ज्या कर्नलने गाव उठवलं, त्याचंच नाव बोटीवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं. "माझे वडील!" बोटीतला माणूस छाती फुगवून म्हणाला. "हे तळं त्यांचीच करणी. बरं आजी, मोठे मासे कुठे लागतील?" अल्विनाने त्याचा चेहरा नीट न्याहाळला. यंदा दुष्काळाने पाणी पार खाली गेलं होतं. लहानपणी अंगणातून एकामागे एक दिसायचे, ते दोन डोंगर पलीकडे उभे होते. "ते डोंगर एकामागे एक येतील ना साहेब, तिथे जा. खाली सावली आहे, मासे तिथेच लपतात. आणि बोट जोरात घ्या, नाहीतर दुसरे आधी पोचतील." आमिषाचा डबाही तिने त्याला फुकट दिला. दुपारी दुसऱ्या बोटवाल्यांनी त्याला काठावर आणून सोडलं, नखशिखांत भिजलेला. "माझी बोट फुटली! बुडाली!" तो तिच्या अंगावर धावून आला. "खाली झाडं आहेत, म्हातारे! अख्खी झाडं उभी आहेत पाण्यात!" "आहेत ना," अल्विना म्हणाली. "तोडून न्यायला तुझ्या बापानं सवड कुठे दिली होती?"