गुलाबी गोळी

सत्यवतीबाईंनी नवऱ्याची बाही वर सरकवली आणि त्याचा हात उचलून डॉक्टर श्रावणींच्या टेबलावर ठेवला. मनगटापासून कोपरापर्यंत निळे-जांभळे डाग होते.

"पाहा, मॅडम. कुठी लागलं नाही, पडले नाही. सकायी दात घासले का थुकीत रगत येते. पुन्हा हृदयाचंच निघालं का काही?"

पातूरहून अकोल्याला येईपर्यंत एसटीत उत्तमराव वांग्यावरच्या अळीबद्दल अखंड बोलत होते. इथे आल्यापासून मात्र त्यांना छताचा पंखा फार आवडला होता.

डॉक्टरांनी छाती तपासली. हृदय व्यवस्थित चाललं होतं. "गोळ्या दाखवा बरं, काकू."

बाईंनी पिशवी पुढे केली आणि लगेच मागे ओढली, पण उशीर झाला होता. आतून गुलाबी गोळ्यांचं पाकीट निघालं, अर्धं रिकामं.

"ही मी तीन महिन्यांपूर्वीच बंद केली होती. स्टेंट टाकून वर्ष झालं, आता रक्त पातळ करायची एकच गोळी, ती मात्र जन्मभर, असं दोघांसमोर सांगितलं होतं. दोन्ही चालू ठेवल्या म्हणून हे रक्त येतंय. आज हिरडीतून आलं, उद्या पोटातून आलं म्हणजे?"

"मीच देऊन राहिली," सत्यवतीबाई म्हणाल्या. "जुनी चिठ्ठी दाखवली का मेडिकलवाला देते. ज्या गोयीनं वरीसभर माणूस जगवला ते एकदम कशी सोडाव, मॅडम? टमाट्याले फळ धरलं म्हणून कोणी बांबू काढून घेते का?"

मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हंजे हे रगत माह्या हातानं निघालं."

डॉक्टर उत्तमरावांकडे वळल्या. त्या चांगल्याच चिडल्या होत्या. "आणि काका, तुम्ही? बंद केलेली गोळी रोज गिळत होतात. विसरलात?"

"इसरलो नाही."

"मग?"

उत्तमरावांची नजर पंख्यावरून खाली आली. "मले अटॅक आला तवापासून ही रातभर उशाशी बसून राहे. गोयी देली का मंगच पाठ टेकवे. तुमी बंद केली त्या दिवशी नाही म्हणणार होतो मी. पण पाण्याचा गिलास घेऊन अशी उभी होती ना... गियून टाकली. हिले लगेच झोप लागली."

सत्यवतीबाई रागावल्या की रडल्या, सांगणं कठीण. दोन्ही एकदमच झालं. "अन् रगत येऊन राह्यलं तरी बोलले नाही? कसे जी तुमी माणूस!"

डॉक्टरांनी पाकीट आपल्या ड्रॉवरमध्ये टाकलं. त्यांचा राग कुठच्या कुठे गेला होता, तरी आवाज त्यांनी कडकच ठेवला. "आजपासून ही बंद म्हणजे बंद. सकाळची ती जन्मभराची गोळी मात्र एक दिवसही चुकवायची नाही. पण काका, मग आता काकूंना झोप कशी लागणार?"

उत्तमरावांनी बाही खाली ओढली आणि बटण लावलं.

"लागन," ते म्हणाले. "आता रातभर जागाची बारी माही."