धाकटीची भट्टी

चूक सापडली, तशी थोरलीने मांडीवर अशी काही थाप मारली, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा चहा हिंदकळला.

चूक धाकटीची होती. तिच्या सख्ख्या धाकट्या जावेची. आणि साधीसुधी नव्हे, अणुभट्टीतली.

दोघी जावा इंजिनिअर, पण वेगवेगळ्या संस्थांत. या दोन्ही संस्था मिळून एक छोटी अणुभट्टी घडवत होत्या. वीज गेली, पंप बंद पडले, तरी पाणी आपलं आपण फिरत राहून भट्टी थंड व्हावी, ही त्यातली खरी मेख. त्यासाठी थोरलीनेही आराखडा दिला होता. निवडला गेला धाकटीचा. तेव्हापासून थोरलीच्या पोटात दुखत होतं. घरी सासूबाई येईल-जाईल त्याला सांगत, "ही आमच्या धाकटीची भट्टी बरं का!" मग थोरली भांडी जरा जोरातच आपटून ठेवी.

कामाचा नियम असा, की एका संस्थेने केलेलं गणित दुसरीने उत्तर न बघता पहिल्यापासून करायचं. धाकटीचं गणित नेमकं थोरलीच्या टेबलावर आलं. तिला देवच पावला! तहानभूक विसरून तिने ते पिंजून काढलं. धाकटीच्या संस्थेतल्या झाडून सगळ्यांनी वा वा केलेल्या पाइपाच्या एका वळणात वाफ अडकत होती. पाणी फिरायचं थांबलं असतं आणि भट्टी तापतच गेली असती.

बैठकीला थोरली ठेवणीतले कपडे घालून गेली. सगळ्यांसमोर तिने ते वळण दाखवलं. तिला बाकी कुणाशी देणंघेणं नव्हतं, धाकटीचा चेहरा पडलेला बघायचा होता.

धाकटीने डोळे मिटले आणि हुश्श केलं.

प्रकल्पप्रमुख धाकटीकडे बघून हसले. "तपासणी तुमच्याकडेच द्या, म्हणून या हटून बसल्या होत्या."

"माझ्याकडे? का गं?"

"बाकीचे नुसतं कौतुक करतात हो, वहिनी. त्यात अशी चूक राहून गेली असती तर? माझ्यावर एवढं जीव तोडून जळणारं तुमच्याशिवाय होतं कोण?"

थोरली कानापर्यंत लाल झाली. इतकी वर्षं आपण हे किती छान लपवलंय, असं तिला वाटत होतं.

"आता ते वळण तुम्हीच नव्याने आखा," धाकटी म्हणाली. "पण तपासायला माझ्याकडे पाठवा हं, दुसऱ्या कुणाकडे नको. मीही तुमच्यावर काही कमी जळत नाही."