वातीआधीचा हात

विहिरीच्या तळाशी यंत्रमाणूस सुरुंगाच्या वातीला काडी लावणार, तोच त्याने डावा हात मागे नेऊन हवेतच कुणाला तरी ढकललं आणि मगच वात पेटवली.

“शंभरही यंत्रं हेच करतात,” काठावरच्या इंजिनिअर कर्णिकबाई म्हणाल्या. “यल्लप्पा, तुमच्याच हातांची सवय यांच्यात भरलीय. हे कशासाठी?”

“म्या असं कधी केलं न्हाई, बाई.”

हातांची सवय विकून यल्लप्पाला घबाड मिळालं होतं. धाकट्या भावाबरोबर, मल्लूबरोबर, विहिरी खोदताना ज्या ट्रकची स्वप्नं पाहिली, तो आता दारात उभा होता.

बाईंनी सवय टिपतानाचं चित्रण दाखवलं. दर वातीआधी यल्लप्पाचाच हात मागे जात होता. तो बघतच राहिला.

“फुकटचे तीन सेकंद जातात. काढून टाकते.”

“तिथं मल्लू उभा असायचा,” यल्लप्पा हळूच म्हणाला. “पेटवायच्या आधी त्याला मागं सारायचो. एकदा राहून गेलं.”

बाईंनी चित्रण बंद केलं.

“ट्रक घेऊन जा, बाई. पन तेवढा हात ऱ्हाऊ द्या.”