टिलीचा चार्जर

"ऐंशी टक्के झाले. काढा आता प्लग," ट्रेव्हर हॅस्केट म्हणाला.

चार्जिंगला लावलेल्या पांढऱ्या इलेक्ट्रिक गाडीला टेकून सँडविच खाणाऱ्या बाईने मान वर केली नाही. नोरीन तिचं नाव. साठी उलटलेली, पोर्ट ऑगस्टात शाळेची बस चालवणारी. तिचा म्हातारा कुत्रा मागच्या सीटवर धापा टाकत होता. शंभर झाल्याशिवाय हलायची नाही, असं तिने तोंडातला घास संपवून सावकाश सांगितलं.

ट्रेव्हरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऐंशीला प्लग काढायचा, हा या रस्त्यावरचा कुठेही न लिहिलेला कायदा. शेवटचे वीस टक्के भरायला पहिल्या ऐंशीइतकाच वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मागचा माणूस उन्हात वाळत बसतो. आज तर जानेवारीतलं, म्हणजे इकडच्या भर उन्हाळ्यातलं त्रेचाळीस अंशांचं ऊन, त्यात सलग सुट्ट्या. माउंट हॅरिएटच्या पेट्रोलपंपामागे दोनच चार्जर. दोन्हींना गाड्या लागलेल्या, आणि ट्रेव्हरच्या आधी आणखी दोघांचा नंबर. त्याच्या बॅटरीत उरले होते सात टक्के. तेवढ्यात पुढचं गाव टिली येत नाही, ते एकशेवीस किलोमीटरवर.

चार वाजता स्ट्रीकी बेच्या किनाऱ्यावर त्याच्या मुलीचं लग्न होतं. टेगन त्याची एकुलती एक. तिच्या शाळेच्या नाटकाला तो पडदा पडल्यावर पोहोचला होता, पदवीदानाला तर टोप्या उडवून झाल्यावर. या खेपेला तिने आडपडदा ठेवला नव्हता. चारच्या ठोक्याला तू नसलास, तर वडिलांच्या जागी माझा हात धरून ग्लेन मला नवऱ्यापर्यंत नेईल, म्हणाली. ग्लेन म्हणजे तिच्या आईचा दुसरा नवरा. तो आयुष्यात कधी कुठे उशिरा पोहोचला नव्हता, आणि ट्रेव्हरला त्याचा सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा होता.

साडेअकरा वाजले होते. साडेबाराला निघालं तर जमण्यासारखं होतं. नंतर नाही.

तो एकेका गाडीपाशी गेला. आधी नीट बोलला, मग हात जोडल्यासारखं केलं, मग आवाज चढवला. हिशोब साधा होता. प्रत्येकाने अर्धी बॅटरी भरायची, टिलीला जायचं आणि उरलेली तिथे भरायची. वीस-वीस मिनिटांत रांग मोकळी. एरवी सगळे असंच करतात, मग आजच कुठलं शहाणपण सुचलं?

सगळीकडे एकच उत्तर मिळालं. टिलीचा चार्जर बंद आहे. चार्जर शोधायच्या अ‍ॅपवर कालच कुणीतरी लिहिलंय, 'दोन्ही यंत्रं ठप्प, पडदे काळे, वाट वाकडी करू नका.' टिलीत ना दुकान, ना विचारायला माणूस. कंपनीच्या नंबरावर तासभर नुसतं संगीत वाजतं. तेव्हा किनाऱ्यापर्यंतचे तीनशे किलोमीटर इथूनच भरून न्यायचे. दुसऱ्या चार्जरला गाडी लावून बसलेल्या जोडप्याने तर त्या लिहिणाऱ्याचे आभारही मानले. देवमाणूस म्हणाले. नाहीतर या उन्हात अधेमध्ये अडकून मेलो असतो.

"देवमाणूस कसला डोंबलाचा!" ट्रेव्हर ओरडला. ती दोघं दचकली आणि त्यांनी काच वर केली. त्याने चार्जरच्या खांबाला लाथ घातली. लागलं त्यालाच.

तेवढ्यात टेगनचा निरोप आला. 'कुठे पोहोचलास? ग्लेनने कोटाला फूल लावून ठेवलंय. सहज. तयारीत असावं म्हणून.'

त्याने तो तीनदा वाचला. त्या फुलाची टाचणी आपल्यालाच टोचल्यासारखी वाटली. ताकाला जाऊन भांडं लपवायची वेळ आता गेली होती. तो लंगडत नोरीनपाशी आला.

"टिलीचा चार्जर चालू आहे."

"पाहून आलात?"

"नाही."

"मग कुणी सांगितलं?"

रांगेत थांबलेले दोघे आपापल्या गाडीतून उतरले होते. काच वर केलेल्या जोडप्याने ती खाली केली. शरमेपेक्षा राग मोठा होता, आणि तो राग आता कुणावर काढायचा हेच कळत नव्हतं.

"ते मीच लिहिलंय," तो म्हणाला. "काल पोर्ट ऑगस्टात मुक्काम होता, तिथून. सुट्टीची गर्दी टिलीला थांबू नये, मी पोहोचेन तेव्हा रिकामा मिळावा म्हणून. तिथला चार्जर धडधाकट आहे. तुम्ही सगळे इथेच गच्च भरत बसाल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आज चारला माझ्या मुलीचं लग्न आहे हो."

रांगेतल्या दोघांपैकी एकाने एक शिवी हासडली आणि तो परत गाडीत जाऊन बसला. नोरीनने कुत्र्याकडे पाहिलं. मग समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. एकशेवीस किलोमीटर, मध्ये झाड नाही की पाण्याचा नळ नाही. शेवटी तिने चार्जरच्या पडद्याकडे नजर टाकली. चौऱ्याऐंशी झाले होते. प्लगकडे गेलेला तिचा हात तिने मागे घेतला.

"काल तुम्हाला तिथला चार्जर हवा होता, तेव्हा तो बंद होता," ती म्हणाली. "आज इथला हवाय, तर तिथला चालू झाला."